बाळसे आणि लठ्ठपणा : बालवयातील वजनाचा सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने विचार

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला बालवयातील लठ्ठपणा म्हणजे काय व तो कसा ठरवतात, हे सांगता येईल. कुपोषण आणि लठ्ठपणा हे भारतात परस्परविरोधी प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन रूपे कशी ठरतात, हे पुण्याजवळील एका दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे स्पष्ट करता येईल. तसेच या प्रश्नावर शासन, शाळा व कुटुंब यांनी योजलेल्या उपायांचे चिकित्सक परीक्षण करता येईल.

६.२ प्रास्ताविक

मराठीत ‘बाळसे’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. तान्ह्या मुलाच्या गालांवर, मांड्यांवर चढणारी गोलाई म्हणजे बाळसे. नवी संस्था किंवा नवा व्यवसाय स्थिरावू लागला, की त्यानेही ‘बाळसे धरले’ असे आपण म्हणतो. ‘गुटगुटीत’, ‘अंगाने भरलेला’, ‘खात्यापित्या घरचा’ हे शब्दप्रयोगही कौतुकाचेच आहेत. याउलट ‘किडकिडीत’, ‘मरतुकडा’, ‘हाडांचा सापळा’ या शब्दांत कीव आहे, क्वचित हेटाळणीही. भाषेने घेतलेली ही बाजू अकारण नाही. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत, असे नमुना नोंदणी पद्धतीचे आकडे सांगतात. अशा काळात बाळाच्या अंगावरचे मांस म्हणजे पुढच्या जुलाबासाठी किंवा गोवराच्या साथीसाठी केलेली साठवण होती. आजी नातवाला दोन घास जास्त भरवत असे, ते केवळ मायेपोटी नव्हे. त्यामागे अनुभवही होता.

२०२० पर्यंत हेच प्रमाण हजारी २८ वर आले. आजीचा अनुभव ज्या परिस्थितीतून आला होता, ती परिस्थिती बदलली. शब्द मात्र तेच राहिले. आठ वर्षांच्या मुलाचे सुटलेले पोट आजही अनेक घरांत ‘बाळसे’च समजले जाते आणि ‘मोठा झाला की उतरेल’ असे म्हणून सोडून दिले जाते. पुष्कळदा ते उतरत नाही. बालपणी लठ्ठ असलेली मुले प्रौढपणीही लठ्ठ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, उच्च रक्तदाब, यकृतात चरबी साचणे हे एके काळी चाळिशीनंतरचे मानले गेलेले विकार आता किशोरवयातही आढळतात.

तथापि ‘पूर्वी मुले उपाशी होती, आता ती जास्त खातात’ एवढ्यावर हा विषय संपवणे चुकीचे ठरेल. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे.

६.३ लठ्ठपणा कसा मोजतात?

डोळ्यांचा अंदाज येथे फसवा असतो, म्हणून मापनाचा आधार घ्यावा लागतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की जो आकडा येतो त्यास शरीर वस्तुमान निर्देशांक किंवा प्रचलित भाषेत ‘बीएमआय’ म्हणतात. प्रौढांसाठी या निर्देशांकाच्या मर्यादा ठरलेल्या असतात. मुलांसाठी तशा एकाच आकड्याने ठरवता येत नाहीत, कारण वयानुसार व लिंगानुसार निर्देशांक बदलत जातो. दहा वर्षांच्या मुलाची उंची १४० सेंटिमीटर व वजन ४५ किलोग्रॅम असेल, तर त्याचा निर्देशांक सुमारे २३ येतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत या आकड्याकडे कोणी विशेष लक्ष देणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-आलेखानुसार दहा वर्षांच्या मुलग्याचा मध्यम निर्देशांक १६.४ असतो, १८.५ च्या पुढे अतिवजन व २१.४ च्या पुढे लठ्ठपणा समजला जातो. म्हणजे हा मुलगा लठ्ठ आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षे वयासाठी स्वतंत्र आलेख प्रसिद्ध केले. त्यांतील मर्यादारेषा प्रौढ वयातील २३ व २७ या निर्देशांकांशी जुळवलेल्या आहेत. भारतीयांना कमी निर्देशांकालाही धोका संभवतो, हे त्यामागील कारण. ते कारण नेमके काय, हे ६.५ मध्ये पाहू.

या निर्देशांकाची एक मोठी उणीव आहे. तो चरबी आणि स्नायू यांत भेद करीत नाही आणि चरबी शरीरात कोठे साठली आहे, हेही सांगत नाही. म्हणून कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे काय, ही साधी कसोटी जोडीला वापरली जाते. तिच्यासाठी एक मोजपट्टी पुरते.

कृती १ : नऊ वर्षांच्या एका मुलग्याची उंची १३० सेंटिमीटर, वजन ३३.८ किलोग्रॅम व कंबरेचा घेर ६७ सेंटिमीटर आहे. या वयाच्या मुलग्यांसाठी अतिवजनाची मर्यादा १७.९ व लठ्ठपणाची २०.५ आहे. निर्देशांक काढा. दोन्ही कसोट्या एकच उत्तर देतात काय, ते पाहा.

६.४ आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १.९ टक्के बालके अतिवजनाची होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ४.१ टक्के झाले. याच काळात खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या बालकांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले, आणि कृश, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण २५.६ टक्क्यांवरच राहिले. हे आकडे वाचून कोणीही विचारील, की जेथे तीनातील एक मूल खुजे आणि चारातील एक कृश आहे, तेथे चार टक्क्यांच्या लठ्ठपणाची चिंता ही चैन नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. परंतु तो विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो : कुपोषण कमी होईल, मग समृद्धी येईल आणि लठ्ठपणा हा त्या समृद्धीचा नंतरचा त्रास असेल. आकडे हा क्रम दाखवीत नाहीत. खुजेपणा हटला नाही, कृशता हटली नाही, आणि अतिवजन मात्र दुपटीहून अधिक झाले. दोन्ही प्रश्न एकाच राज्यात, एकाच वस्तीत, कधी कधी एकाच घरात नांदत आहेत. आरोग्यशास्त्रात यास कुपोषणाचा ‘दुहेरी भार’ म्हणतात.

याहून विचार करायला लावणारे आकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालय व युनिसेफ यांच्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) सापडतात. या सर्वेक्षणात मुलांचे रक्तही तपासले गेले. दहा ते एकोणीस वर्षे वयोगटातील सुमारे ५ टक्के मुले अतिवजनाची किंवा लठ्ठ होती. पण मधुमेहपूर्व अवस्थेत असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांतही सुमारे ४ टक्के अतिवजन व सुमारे १० टक्के मधुमेहपूर्व अवस्था, असेच चित्र होते. लठ्ठ मुले जितकी, त्याहून दुप्पट मुलांच्या रक्तात साखरेची गडबड. याचा अर्थ उघड आहे : लठ्ठपणाशी जोडला जाणारा विकार लठ्ठ न दिसणाऱ्या मुलांतही आहे.

६.५ पुण्याजवळची सहा गावे

हे कोडे उलगडण्यास ज्या संशोधनाची मोठी मदत झाली, ते महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत ‘पुणे मातृ पोषण अभ्यास’ सुरू केला. गर्भावस्थेतील पोषणाचा प्रौढपणीच्या विकारांशी संबंध असतो, हा विचार इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर यांनी मांडला होता. तो पडताळण्यासाठी या गावांतील स्त्रियांची गरोदरपणापूर्वीपासून नोंद ठेवण्यात आली, त्यांचा आहार व श्रम नोंदवण्यात आले, बाळे जन्मताच मोजण्यात आली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. गावातल्या स्त्रियांनी आपल्या आयुष्यातील इतका मोठा काळ अभ्यासासाठी खुला केला, ही गोष्ट संशोधकांच्या चिकाटीइतकीच महत्त्वाची आहे.

या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅम होते. साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम. आठशे ग्रॅमचा हा फरक अपेक्षितच होता, कारण येथील माता वजनाने व उंचीने कमी होत्या. अनपेक्षित होते ते पुढचे. बाळे सर्व अंगांनी सारख्याच प्रमाणात लहान नव्हती. त्यांच्या पोटाचा घेर व दंडाचा घेर, म्हणजे पोटातील अवयव व स्नायू, बरेच कमी होते. पण खांद्याच्या पाठच्या हाडाखालील त्वचेची घडी कॅलिपरने मोजली असता तिची जाडी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. शरीराने टंचाईत स्नायू व अवयव यांवर काटकसर केली होती, चरबी मात्र राखली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात संशोधकांनी या बाळाचे वर्णन ‘कृश पण चरबीयुक्त’ असे केले. ज्याला आपण किडकिडीत म्हणतो, त्या बाळाच्या अंगात तुलनेने चरबी अधिक होती.

हीच गोष्ट प्रौढांतही कशी दिसते, हे डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून स्वतःच्या उदाहरणाने दाखवले. ते व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के भरली, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. निर्देशांकाची मर्यादा भारतीयांसाठी खाली का आणावी लागते, याचे याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण.

आता हे बाळ असे का घडते? आईने पोटभर खाल्ले नाही म्हणून, असे सोपे उत्तर सुचते. पण या अभ्यासात आईने घेतलेली एकूण ऊर्जा किंवा प्रथिने यांच्याशी बाळाच्या आकाराचा ठळक संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी. या गोष्टी वारंवार खाणाऱ्या मातांची बाळे तुलनेने मोठी होती. पुढे रक्ताच्या तपासण्यांतून आणखी एक धागा हाती आला. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ‘बी-१२’ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची उणीव मात्र जवळजवळ नव्हतीच. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली असता, ज्या मातांमध्ये बी-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. बी-१२ हे दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. भाकरीने पोट भरते. बी-१२ भरत नाही. दूध डेअरीला घालून घरी कोऱ्या चहावर भागवणाऱ्या कुटुंबात काय घडत असेल, याची कल्पना ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना करून देण्याची गरज नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. असे निष्कर्ष वाचले, की मुलाच्या प्रत्येक आजाराचे खापर आईच्या माथी फोडण्याचा मोह होतो. ते अन्यायाचे आहे. घरात सर्वांत शेवटी जेवणारी, कमी वयात लग्न झालेली, गरोदरपणातही विहिरीचे पाणी व शेतीची कामे न सुटलेली स्त्री आपला आहार स्वतः ठरवत नसते.

जन्मानंतर काय घडते, हे दिल्लीच्या एका अभ्यासातून कळते. तेथे १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची वजने व उंची नियमित नोंदवली गेली होती. त्यांपैकी सुमारे दीड हजार जण २६ ते ३२ वर्षांचे झाल्यावर तपासले गेले. ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था जडली होती, ते पहिल्या दोन वर्षांत कृश होते आणि त्यानंतर त्यांचा निर्देशांक समवयस्कांच्या तुलनेत सतत चढत गेला होता. प्रचलित व्याख्येनुसार बालपणी लठ्ठ म्हणावीत, अशी ही मुले नव्हती. म्हणजे धोका केवळ ‘किती वजन’ यात नसतो. कोठून निघून कोठवर आणि कोणत्या वयात वजन वाढले, यातही असतो. पहिल्या दोन वर्षांतले बाळसे बहुतेक वेळा हिताचे असते. सातव्या-आठव्या वर्षी, उंची न वाढता चढणारे वजन ही वेगळी गोष्ट आहे. आजीचे चुकले असलेच, तर तिचे वय चुकले, घास नव्हे.

६.६ मुलाभोवतीचे अन्न

अशा शरीराच्या मुलाभोवती आज कोणते अन्न आहे? पाच-दहा रुपयांची वेफर्सची वा पोंग्यांची पुडी, क्रीमची बिस्किटे, शीतपेयाची छोटी बाटली ही शहराची मिरास राहिलेली नाही. जेथे ताजी भाजी आठवड्याच्या बाजारालाच मिळते, तेथेही या पुड्यांच्या माळा दुकानाच्या दारावर रोज लोंबत असतात. त्या नासत नाहीत, उधारीवर मिळतात आणि रडणारे मूल क्षणात गप्प होते. मजुरीला जाणाऱ्या आईबापांनी मुलाच्या हातावर ठेवलेले दहा रुपये हा बेजबाबदारपणा नव्हे. त्यांच्या वेळेच्या टंचाईचा तो हिशेब आहे. शहरात याच्या जोडीला मैदाने नाहीशी झाली, वाहतुकीच्या भीतीने मुलांचे पायी शाळेत जाणे थांबले आणि संध्याकाळ शिकवणी व मोबाइल यांत वाटली गेली.

म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा ठरतो. एखाद्या मुलाने काय खावे, हे घर ठरवू शकते; त्याच्या शाळेच्या फाटकाबाहेर काय विकले जावे, हे एकटे घर ठरवू शकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चरबी, मीठ व साखर जास्त असलेले पदार्थ ठेवू नयेत, असा निर्णय घेतला. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी अशा पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत करण्यास मनाई केली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले.

नियम चांगले आहेत. त्यांच्या अंमलाविषयी मात्र प्रस्तुत लेखकाला शंका आहे. पन्नास मीटरचे अंतर मोजणार कोण? आणि मोजलेच, तर कारवाई बहुधा सर्वांत दुबळ्यावर, म्हणजे हातगाडीवाल्यावर होते. त्याच्या शेजारी उकडलेल्या शेंगा, बोरे, पेरू विकणाऱ्या बाईलाही तीच शिट्टी ऐकावी लागते. पुड्या बनवणाऱ्या उद्योगाची दूरचित्रवाणीवरील जाहिरात पन्नास मीटरची मर्यादा जाणत नाही. फलक लावणे सोपे. मधल्या सुट्टीत पेरू दहा रुपयांत मिळेल, अशी व्यवस्था करणे अवघड. सार्वजनिक धोरणाची खरी कसोटी दुसऱ्या गोष्टीत आहे.

शालेय पोषण आहाराचे उदाहरण घ्या. प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. कॅलरी तांदळातून सहज भरतात. दर्जेदार प्रथिने व सूक्ष्म पोषकद्रव्ये यांनाच पैसा लागतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये या आहारात अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि २०२५ च्या आरंभी त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद केला. सहा गावांच्या अभ्यासाच्या पार्श्वभूमीवर या घटनेचा विचार केला, तर अंड्यावरील वाद केवळ आवडीनिवडीचा किंवा श्रद्धेचा राहत नाही.

अंगणवाडीतही हाच पेच आहे. वयाच्या मानाने वजन कमी दिसले, की मूल ‘कमी वजनाचे’ ठरते. पण ते खुजे असेल, तर त्याचे वजन उंचीच्या मानाने योग्यही असू शकते. अशा मुलाला नुसती साखर-तेलाची ऊर्जा दिली, तर वजनाचा काटा पुढे सरकेल, उंची तेथेच राहील. म्हणून वजनकाट्याइतकीच उंची मोजण्याची पट्टी महत्त्वाची, आणि दोन्ही नोंदी एकत्र वाचण्याचे सेविकेचे प्रशिक्षण त्याहून महत्त्वाचे.

६.७ लाजेचा प्रश्न

वर्गात सर्वांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचण्याची पद्धत काही शाळांत दिसते. ‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘टुणटुण’ अशी नावे मग वर्षभर चिकटतात. असे मूल खेळाच्या तासाला मागे राहते, डबा लपून खाते. म्हणजे ज्या दोन गोष्टी सुधारायच्या, त्याच बिघडतात. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवणे हेही घातक आहे. सौम्य अतिवजन असल्यास बहुतेक वेळा वजन स्थिर ठेवून उंची वाढू देणे पुरेसे असते. घरातील सर्वांचे ताट बदलले, तर ते मुलालाही शिक्षेसारखे वाटत नाही. एकट्या मुलाला भाकरी आणि इतरांना पुरी, हा उपाय चार दिवसही टिकत नाही. यासाठी कोणती व्यक्ती योग्य, असे विचाराल तर घरात स्वयंपाकाचे सामान जी व्यक्ती विकत आणते, तिच्यापासून सुरुवात करावी.

६.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कुपोषण कमी झाल्यावर लठ्ठपणा येतो’ या समजाचे महाराष्ट्रातील आकड्यांच्या आधारे परीक्षण करा.

२. ‘कृश पण चरबीयुक्त’ बाळ ही संकल्पना स्पष्ट करून तिचा आहारविषयक धोरणाशी असलेला संबंध सांगा.

३. तुमच्या बोलीत मुलांच्या अंगकाठीविषयी वापरले जाणारे शब्द व वाक्प्रचार जमवा. त्यांतील कोणते कौतुकाचे व कोणते हेटाळणीचे आहेत, आणि मुलगा व मुलगी यांच्याविषयी ते वेगळे वापरले जातात काय, यावर दीडशे शब्दांत लिहा.

४. क्षेत्रकार्य : तुमच्या परिसरातील एखाद्या शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मधल्या सुट्टीत विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांची व त्यांच्या किमतींची तीन दिवस नोंद करा. दहा रुपयांत मुलाला तेथे कोणकोणते पर्याय मिळतात? विक्रेत्यांशी बोला, त्यांनी हेच पदार्थ का निवडले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. कोणाचेही नाव नोंदवू नका आणि मुलांची वजने घेऊ नका.